वाचकांचे प्रश्न : वेल्सच्या माळावर दफनराशी शोधताना

वेल्सच्या डोंगरमाथ्यांवर साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वी रचलेल्या दगडी दफनराशी विखुरलेल्या आहेत. इंग्रजीत त्यांना केर्न म्हणतात, वेल्शमध्ये कार्न किंवा कार्नेद. मुलं-नातवंडं तिकडे असलेल्या पुणेकर वाचकांचे याविषयीचे प्रश्न बरेच साठले होते. हे सदर या वेळी त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : मुलगी कार्डिफला शिकते. आम्ही दोघं जून-जुलैमध्ये तिच्याकडे असू. वय पंचावन्नच्या आसपास, सह्याद्रीत नियमित फिरतो. पेन अ वानसारखी गर्दीची शिखरं नकोत, फारसं कोणी जात नाही अशा राशी बघायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी? (कोथरूड)

तारखा हलवता येत असतील तर आधी त्या हलवा. जून-जुलै हा या कामासाठी वर्षातला सर्वात वाईट काळ. ब्रॅकन नावाचं नेचं मे महिन्यात उगवू लागतं आणि जुलैपर्यंत कमरेच्या वर, काही ठिकाणी खांद्यापर्यंत जातं. अर्धा मीटर उंचीची रास त्यात पार बुडते, शिवाय त्याच रानात गोचीड असतात आणि त्यांच्या चाव्यातून लाइम आजार होऊ शकतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत जुनं ब्रॅकन बर्फा-पावसाने जमिनीला लोळलेलं असतं, नवं उगवलेलं नसतं, आणि सूर्य आकाशात खाली असल्याने जमिनीवरचा हातभर उंचवटाही सावली टाकतो. डिसेंबरातही झाडोरा कमी असतो, पण दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा. मार्चच्या मध्याला तो बारा तासांचा होतो.

जुलैच नक्की असेल तर उंचावरच्या राशी निवडा. साधारण साडेचारशे मीटरच्या वर ब्रॅकन विरळ होतं.

पहिल्याच दिवशी अनोळखी माळावर जाऊ नका. आधी डोळा तयार करायला उत्तर वेल्समध्ये ब्रेनिग तलावावर जा. धरण बांधण्याआधी १९७३-७४ मध्ये तिथल्या दरीत मोठं उत्खनन झालं. आज तलावाच्या ईशान्य टोकाला आखलेली पायवाट आहे आणि तिच्यावर वेगवेगळ्या घडणीच्या राशी एकाच फेरीत दिसतात: भरीव चौथऱ्यासारखी, मधे मोकळी कड्यासारखी, आणि कडेने मोठ्या शिळा लावलेली लहान रास. तीन तासांत एवढं शिक्षण दुसरीकडे मिळणार नाही. त्यानंतर हार्लेखच्या ईशान्येला असलेली ब्रिन कादेर वानेर. लहानशा राशीतून पंधरा-अठरा टोकदार शिळा बाहेरच्या बाजूला झुकून उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या खजिनाशोधकांनी तिच्या मध्यभागी खड्डा केला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लष्कराने तिचा नेमबाजीसाठी वापर करून पूर्वेकडच्या शिळा पाडल्या. एवढं सोसूनही ती वेल्समधली सर्वात देखणी रास आहे, असं आमचं मत.

प्रश्न : ब्रिटनचा नकाशा मागवला. त्यावर 'केर्न' हा शब्द जागोजागी आहे. यातली प्राचीन कुठली आणि गिर्यारोहकांनी रचलेली कुठली? (औंध)

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा 'एक्सप्लोरर' नकाशा घेतला असेल तर अक्षरांचं वळण बघा. प्राचीन वास्तूंची नावं जुन्या वळणदार, गॉथिक टायपात छापतात. साध्या टायपातला 'केर्न' किंवा 'पाइल ऑफ स्टोन्स' म्हणजे बहुतेक वेळा वाटेची खूण, हद्दीची खूण किंवा हौस. 'बहुतेक वेळा' म्हणायचं कारण असं की शिखरांवरच्या अनेक जुन्या राशींवर नंतरच्या लोकांनी आपले दगड चढवले आणि नकाशावर त्या साध्या टायपातच राहिल्या. उलट, माळावरच्या कित्येक खऱ्या राशी नकाशावर मुळीच नाहीत.

म्हणून दुसरी पायरी नोंदींची. प्राचीन वास्तूंची नोंद ठेवणाऱ्या अबेरिस्टविथच्या शाही आयोगाचं 'कोव्लाइन' हे संकेतस्थळ उघडा. शोधताना सी-ओ-एफ-एल-ई-आय-एन असं टाइप करा. वेल्शमध्ये एक एफ म्हणजे 'व'. प्रत्येक स्थळाला क्रमांक, नकाशातला संदर्भ आणि वर्णन असतं. त्याच्या जोडीला 'आर्खविलियो' ही नोंदसूची बघा. ती चार प्रादेशिक पुरातत्त्व संस्था सांभाळत असत. २०२४ मध्ये त्या एकत्र येऊन 'हेनेब' झाली. संरक्षित स्मारकांची यादी 'कादू' या सरकारी विभागाकडे असते. एकच रास तिन्ही ठिकाणी वेगळ्या नावाने सापडली तर गोंधळू नका, नकाशा-संदर्भ जुळवा.

वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. खरी माहिती तिथेच असते: शेवटची पाहणी कोणत्या साली, तेव्हा काय दिसलं, व्यास किती, उंची किती. 'व्यास ६ मीटर, उंची ०.३ मीटर, गवताने झाकलेली' असं असेल तर तुम्हाला दगडांचा ढीग दिसणार नाही, गवतातला फुगवटा दिसेल. 'पाहणीत सापडली नाही' असं लिहिलेलं असेल तर ती पहिल्या फेरीसाठी ठेवू नका.

तिसरी पायरी लायडारची. विमानातून लेझर सोडून मोजलेली जमिनीची उंची वेल्स सरकारने देशभरासाठी १ मीटरच्या बारकाव्याने खुली केली आहे. 'डेटामॅप वेल्स'वर ती सावलीच्या चित्रासारखी दिसते. सहा मीटरची रास त्यावर टाचणीच्या डोक्याएवढी उमटते. मधे काळा ठिपका असेल तर बहुधा लुटारूंनी खणलेला खड्डा. पण पीटचे (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीचे) उरलेसुरले ढिगारे आणि मेंढ्यांचे मोडके वाडेही असेच दिसतात, आणि सूचिपर्णी झाडांच्या दाट लागवडीखाली चित्र पुसट होतं. नोंद आणि लायडार दोन्ही एकाच जागी बोट दाखवत असतील तरच चालायला लागा.

नकाशावरची नावंही मदत करतात. 'कार्न', 'गार्न', 'कार्नेद', 'क्रीग' (रास किंवा टेकाड) आणि 'बेद' (कबर) हे शब्द टेकडीच्या किंवा ओढ्याच्या नावात आले तर आसपास नोंदी तपासा. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर शेजारच्या शब्दामुळे बदलतं, म्हणून 'कार्न'चं 'गार्न' होतं. 'ग्रीग' दिसलं तर मात्र जपून: ते 'क्रीग'चं बदललेलं रूप असू शकतं किंवा नुसतं हेदरचं झुडूपही.

प्रश्न : मागच्या वर्षी भावाबरोबर मध्य वेल्समध्ये गेलो. फोनच्या जीपीएसने 'पोहोचलात' म्हटलं आणि समोर नुसतं गवत. तासभर फिरलो, काही नाही. कुठे चुकलं? (सहकारनगर)

चार जागी चूक होऊ शकते. ज्या क्रमाने तपासायला सोप्या, त्या क्रमाने घेऊ.

पहिली, आकड्यांची. ब्रिटिश नकाशा-संदर्भ दोन अक्षरं आणि मग आकडे असा असतो. ब्रिन कादेर वानेरचा 'एसएच ६४८ ३५३' हा सहा आकडी संदर्भ बघा. तो एका बिंदूचा नसतो, १०० मीटर लांब-रुंद चौकोनाचा असतो, आणि आकडे त्या चौकोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे असतात. म्हणजे यंत्राने तुम्हाला कोपऱ्यात उभं केलं आणि रास ईशान्येला शंभर-सव्वाशे मीटरवर असू शकते. तुम्ही मात्र त्या कोपऱ्याभोवती गोल फिरत राहता. आठ आकडी संदर्भ १० मीटरचा, दहा आकडी १ मीटरचा. ठेंगण्या राशीसाठी आठ आकड्यांच्या खाली समाधान मानू नका. नोंदीत सहाच असतील तर लायडारवरून उरलेले काढा.

दुसरी, पायाभूत मापनाची. फोनचं अक्षांश-रेखांश 'डब्ल्यूजीएस ८४' पद्धतीचं असतं, ब्रिटिश नकाशा 'ओएसजीबी ३६'वर बेतलेला. एका पद्धतीचे अंश दुसऱ्या पद्धतीत तसेच टाकले तर वेल्समध्ये सुमारे शंभर मीटरचा फरक पडतो. ॲपच्या सेटिंगमध्ये 'ब्रिटिश ग्रिड' किंवा 'ओएसजीबी' निवडा आणि घरून निघण्याआधी ओळखीच्या चौकावर किंवा पुलावर ताडून बघा.

तिसरी चूक नोंदीचीच. जुन्या काळी कागदी नकाशावर पेन्सिलीने टिंब काढून घेतलेले संदर्भ पन्नास मीटर इकडेतिकडे असणं अजिबात नवल नाही.

चौथी आणि सर्वात जास्त घडणारी: तुम्ही राशीवर उभे होतात आणि ओळखलीच नाही. मध्य वेल्सच्या पठारांवर मोलिनिया नावाचं गवत ठोंबांनी वाढतं, प्रत्येक ठोंब गुडघ्याएवढा. त्यात तीस सेंटिमीटरचा उंचवटा वरून बघून कळत नाही. दगड शोधू नका, झाडोऱ्यातला बदल शोधा. राशीवर माती थोडी आणि पाणी पटकन निचरणारं, म्हणून भोवती ओलसर लव्हाळा आणि पिवळट गवत असताना राशीवर आखूड हिरवं गवत, हेदर किंवा बिलबेरीची झुडपं दिसतात. मेंढ्या कोरडी जागा बघून तिथेच बसतात, त्यामुळे लेंड्या आणि कुरतडलेलं गवत ही चांगली खूण. पाय ठेवल्यावर पीट दबते. राशीवर बूट टणक लागतो.

शोधण्याची पद्धत ठेवा. संदर्भाच्या जागी पोहोचलात की सॅक तिथेच ठेवा, रंगीत कव्हर वर करून. कंपास घेऊन उत्तरेला २० मीटर, पूर्वेला २०, दक्षिणेला ४०, पश्चिमेला ४०, मग उत्तरेला ६०, असा फुगत जाणारा चौकोन चाला. सपाटीवर शंभर मीटरला साधारण पासष्ट दुहेरी पावलं पडतात, ठोंबांत ऐंशीच्या पुढे जातात, म्हणून आपला हिशोब आधी मोजलेल्या अंतरावर करून घ्या. धुकं असेल तर सॅक नजरेआड जाईल एवढं लांब जायचं नाही. दुसऱ्या माणसाला सॅकजवळ उभं करणं उत्तम. चौकोनात काही लागलं नाही तर उताराच्या खालच्या अंगाला पन्नास-साठ मीटर उतरा आणि वर बघा. पुष्कळ राशी माथ्याच्या मध्यावर नसतात, उताराच्या खांद्यावर असतात: खालच्या दरीतून आकाशावर उठून दिसतील अशा. माथ्यावरून चालणाऱ्याला त्या लपतात.

रास झाडांच्या लागवडीत असेल तर फोनचा जीपीएस दहा-वीस मीटर भरकटतो. वनखात्याने राशीभोवती मोकळी जागा ठेवली आहे का, हे आधी उपग्रहचित्रात बघून ठेवा.

प्रश्न : सापडलेली रास खरी दफनराशच आहे हे कसं ओळखायचं? शेतातून वेचून टाकलेल्या दगडांचे ढीगही असतील ना? (चिंचवड)

असतात, आणि फसवतातही. शेतदगडांचे ढीग एकटे नसतात. मंद उतारावर दोन ते चार मीटर व्यासाचे, अर्ध्या मीटरपर्यंत उंच असे दहा-वीस ढीग विखुरलेले असतात, जवळ जुन्या बांधांच्या ओळी दिसतात, आणि दगड मुठीपासून डोक्याएवढे, कसेही टाकलेले. दफनराशीला सहसा घडण असते. कडेने ओळीत रोवलेल्या मोठ्या शिळा शोधा. तीन-चार जरी एका कमानीत दिसल्या तरी पुरे. मध्यभागी खड्डा असेल तर त्यात उभ्या चपट्या दगडांची पेटी दिसते का बघा. लांबी साधारण एक मीटर, रुंदी त्याहून कमी. प्रेत पाय पोटाशी घेऊन त्यात ठेवत किंवा दहनानंतरची हाडं मडक्यात घालून. वेल्सच्या आम्लधर्मी मातीत न जळालेली हाडं विरघळून जातात, जळालेली टिकतात.

दगडफूल बघा. जुन्या दगडांवर ते एका दगडावरून दुसऱ्यावर गेलेलं असतं आणि दगडांचे सांधे मातीने भरलेले असतात. नव्या ढिगात दगड सुटे, खालची बाजू फिकट, मधे हवा. शिखरावर दोन्ही एकत्र सापडतात: खाली दहा-पंधरा मीटर पसरलेला, गवत चढलेला जुना चबुतरा आणि वर वाऱ्यापासून आडोसा म्हणून रचलेली घोड्याच्या नालाच्या आकाराची भिंत. मध्य वेल्सच्या एलेनिद पठारावरच्या ६४१ मीटर उंच द्रगार्न वाऊरवर तर जुन्या राशींवर माणसाहून उंच अशा दोन घुमटाकार राशी नंतर बांधलेल्या आहेत. लांबून दिसतात त्या नव्या. बघायचं ते बुंध्याशी.

आयताकृती लांब उंचवटा असेल तर तो बहुधा सशांच्या पैदाशीसाठी केलेला. त्याच्यावर दिवस घालवू नका.

प्रश्न : आम्ही राजगड-तोरणा एका दिवसात करतो. वेल्सचे बहुतेक डोंगर हजार मीटरही नाहीत. बारा किलोमीटरला किती वेळ धरावा? (सिंहगड रोड)

राजगड-तोरण्याला कातळ आणि मळलेली वाट असते. इथे वाट नसते. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२चा हिशोब तासाला पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जादा असा आहे. त्याने बारा किलोमीटर आणि पाचशे मीटर चढाला सव्वातीन तास होतात. मोलिनियाच्या ठोंबांत आणि पीटच्या चरांत याच्या दुप्पट धरा, वर शोधायला प्रत्येक राशीमागे अर्धा तास. दिवसाला दोन राशी, फार तर तीन. चौथी यादीत घातली की अंधार होतो.

दलदलीत रंग बघून चाला. भडक पोपटी शेवाळाचा सपाट पट्टा म्हणजे पाण्यावर तरंगणारी चटई. त्याला वळसा घाला. पांढरे कापसासारखे तुरे दिसले की खाली ओलं पीट आहे, पण ठोंबांवरून जाता येतं. तपकिरी हेदर असेल तिथे जमीन बरी. घोट्यावर येणारे जलरोधक बूट आणि गुडघ्यापर्यंतचे गेटर (बुटावरून पायाला बांधायची आवरणं) हवेतच, आणि जाळीचे हलके बूट घरी ठेवा. जीन्स नको, ती ओली झाली की अंगातली ऊब ओढून घेते. दर दीडशे मीटरला तापमान साधारण एक अंशाने उतरतं, वारा वेगळा. कार्डिफला दहा अंश असतील तेव्हा सातशे मीटरवर पाच-सहा, आणि वाऱ्यात शून्याखाली असल्यासारखं वाटतं. जादा कोरडा थर, टोपी, हातमोजे, दोन हेडलॅम्प, कागदी नकाशा आणि कंपास हे सगळं दर फेरीला.

बऱ्याच दऱ्यांत फोनला रेंज नसते. ब्रिटिश सिमवरून ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला 'रजिस्टर' असा संदेश आधीच पाठवून ठेवा, म्हणजे बोलण्याइतकी रेंज नसली तरी संदेशाने मदत मागता येते. प्रसंग आला तर ९९९वर आधी पोलिसांना मागून मग माउंटन रेस्क्यू सांगायचं. शिट्टीची खूण: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

प्रश्न : जमीन खासगी असते म्हणतात. परवानगी लागते का? तंबू ठोकता येतो का? राशीवर आपणही एक दगड ठेवावा अशी प्रथा आहे का? (नगर रोड)

२००० सालच्या कायद्याने डोंगर, माळ आणि सामायिक कुरणं पायी फिरायला खुली झाली. वेल्समध्ये हे २००५पासून अमलात आहे. एक्सप्लोरर नकाशावर ही जमीन फिकट पिवळी दाखवतात. रस्त्यापासून तिथपर्यंत पोहोचायला मात्र हिरव्या तुटक रेषेची हक्काची वाट लागते. मधलं कुरण ओलांडायचा हक्क आपोआप मिळत नाही. तिथे शेतकऱ्याला विचारावं, बहुतेक जण हो म्हणतात. तंबूचा हक्क या कायद्यात नाही. मार्च ते मे मेंढ्या वितात, तेव्हा कळपातून चालत जाऊ नये. एपिंट पठारावर लष्कराचा सरावतळ आहे. तिथे चांगल्या राशी आहेत, पण लाल बावटा असताना आत पाऊल टाकायचं नाही आणि पडलेली धातूची वस्तू उचलायची नाही.

दगड ठेवू नका, काढू नका, थंडी वाजली म्हणून आडोसा रचू नका. खालची मांडणी हाच पुरावा असतो. काठीने टोचून बघणंही नको. संरक्षित स्मारकावर लेखी परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर चालवणं हा गुन्हा आहे.

प्रश्न : नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळं आणि वेल्सच्या राशी यांचा काही संबंध आहे का? (डेक्कन जिमखाना)

नाही. दिसण्यातलं साम्य खरं आहे, कडेच्या शिळा, मधे दगड-मातीचा भराव, पण काळ आणि माणसं वेगळी. वेल्सच्या बहुतेक राशी कांस्ययुगाच्या सुरुवातीच्या, ढोबळमानाने इ.स.पू. २३०० ते १५००. विदर्भातली शिलावर्तुळं लोहयुगातली, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. माहुरझरीच्या वर्तुळांत १९७०-७२च्या उत्खननात घोड्यांचे सांगाडे आणि त्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. वेल्सच्या राशींत लोखंड मिळत नाही. मडकी, गारगोटीची हत्यारं, क्वचित कांस्याची वस्तू. वान वोएल या वेल्समधल्या डोंगरावरच्या दफनात मेडोस्वीट या रानफुलाचे परागकण मिळाले, म्हणजे प्रेताबरोबर फुलं ठेवली असावीत.

पुणेकरांसाठी याचा उपयोग सरावाचा आहे. वेल्सला जाण्याआधी हिवाळ्यात दोन दिवस काढून जुनापाणी आणि माहुरझरी पायी बघा. कडेच्या शिळांची कमान ओळखायला, मधला भराव आणि खणलेला खड्डा यातला फरक बघायला तिथे नजर बसते, आणि जुनापाणीच्या काही शिळांवरचे कोरलेले वाटीसारखे खळगेही पाहून होतात.

प्रश्न : गाडी भाड्याने घ्यावी की ट्रेन-बसने जमेल? (बाणेर)

भारतीय वाहन परवान्यावर तिथे बारा महिने गाडी चालवता येते आणि गाड्या डाव्या बाजूनेच चालतात. एलेनिद किंवा उत्तर वेल्समधल्या हिरैथोगच्या माळांसाठी गाडीला पर्याय नाही. डोंगरातले रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे असतात. समोरून कोणी आलं तर जवळ असेल त्याने मागे घेऊन बगलेच्या जागेत थांबायचं. त्या बगलेत किंवा शेताच्या फाटकासमोर गाडी लावून डोंगरावर जायचं नाही.

ब्रिन कादेर वानेर मात्र ट्रेनने जमतं. केंब्रियन कोस्ट मार्गावर तालसार्नाय हे स्टेशन आहे. तिथे गाडी विनंतीवर थांबते: उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगायचं, चढायचं असेल तर फलाटावर हात दाखवायचा. स्टेशनापासून सरळ रेषेत साडेतीन-चार किलोमीटर, चालून पाच-सहा, चढ सुमारे चारशे मीटर. नकाशा एक्सप्लोरर ओएल १८. परतीच्या गाड्या साधारण दोन तासांनी एक, रविवारी त्याहून कमी. वेळ आदल्या दिवशी पुन्हा तपासा आणि ज्या गाडीने परतायचं तिच्या आधीची गाडी पकडता येईल असं बघून माघारी फिरा.